ही बेडरूम नाही, इथे फक्त झोपतात

जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरच्या आसपास जुनी लाकडी घरं आहेत. त्यातली बरीच ‘टू-फॅमिली’. एका मजल्यावर मालक, दुसऱ्यावर भाडेकरू, खाली बेसमेंट, मागे चार पावलांचं अंगण आणि सगळ्यांच्या डोक्यावर ३० वर्षांचं कर्ज. हे कर्ज एकट्याने ओढवत नाही म्हणून आपला माणूस एक मजला भाड्याने देतो. त्या दिवसापासून एक नवाच प्रश्न त्याच्या मागे लागतो. रात्री दोन वाजता, दिवे गेलेले असताना, धुरात, झोपेतून दचकून उठलेला माणूस या घरातून बाहेर कसा पडेल?

आपल्याला असलं काही सुचतच नाही. घर म्हटलं की आपली एकच चिंता असते: आत कोण येईल? चोर येईल, मांजर येईल, डास येतील, वर्गणीवाले येतील. आपली सगळी बंदिस्ती या येणाऱ्यांविरुद्ध. दाराला कडी, कडीला कोयंडा, वर बोल्ट, खाली बोल्ट, मधे साखळी, बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर. खिडकीला ग्रिल. बाल्कनीला पुढे आलेली पेटीसारखी ग्रिल. कोणी फारच दूरदृष्टीचा असला तर त्या ग्रिलमधे एक उघडणारी झडप ठेवतो. मग तीच झडप चोराला सापडेल म्हणून तिला कुलूप घालतो. त्या कुलपाची किल्ली कपाटात, कपाटाची किल्ली आईकडे आणि आई बदलापूरला मावशीकडे. झडपेसमोर तुळस, कांद्यांची जाळी आणि रिकामं सिलिंडर. ‘आग लागली तर बाहेर कसे पडाल?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘आग कशाला लागेल?’

माझ्या ओळखीचे एक काका मूळचे डोंबिवलीचे. त्यांनी जर्सी सिटीत असं एक घर घेतलं आणि घेतल्या घेतल्या पहिलं काम केलं ते कुलुपाचं. पुढच्या दाराला काच होती. काच फोडून, आत हात घालून चोर कुलूप उघडेल, म्हणून काकांनी दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप बसवलं. आतूनही किल्ली, बाहेरूनही किल्ली. चोराची पार कोंडी. मजला भाड्याने द्यायचा म्हणून इन्स्पेक्टर आला, त्याने दाराकडे बघितलं, आणि किल्ली कुठे आहे म्हणाला. काका अभिमानाने म्हणाले, ‘मायक्रोवेव्हवर, स्टीलच्या वाटीत.’

अमेरिकेतल्या घरांच्या नियमांचं जे बाड आहे, त्याचं नाव ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शिअल कोड’. न्यू जर्सीने ते आपल्या दुरुस्त्यांसकट घेतलेलं आहे. त्यात दाराबद्दल लिहिलंय ते असं. प्रत्येक बिऱ्हाडाला बाहेर पडायचं किमान एक दार हवं. ते बिजागऱ्यांवर उघडणारं हवं, उघडल्यावर किमान ३२ इंच मोकळी वाट मिळायला हवी, ती वाट गॅरेजमधून जाता कामा नये. आणि ते दार आतून उघडायला किल्ली लागता कामा नये, विशेष ज्ञान लागता कामा नये, विशेष जोरही लागता कामा नये.

या विशेष ज्ञानापाशी मी थोडा वेळ थांबलो. आपल्याकडे विशेष ज्ञानाशिवाय उघडणारं दार मी पाहिलेलं नाही. ‘आधी दार स्वतःकडे ओढ. आता कडी जरा वर उचल. तशी नाही, डावीकडे. खालून गुडघा लाव. पावसाळ्यात फुगतं ना ते.’ पाहुण्याला निरोप देताना यजमान दारापर्यंत येतो त्याला आपण आदरातिथ्य म्हणतो. तो न आला तर पाहुणा रात्रभर पॅसेजमधे उभा राहील हे खरं कारण. प्रत्येक घराच्या दाराचं शास्त्र वेगळं, ते मुलांना पाळण्यात कळतं, सुनांना वर्षभराने आणि जावयांना कधीच नाही.

काका चिडले होते. ‘चोर आला तर कोड येणार आहे का?’ हा त्यांचा मुद्दा. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण हडसन नदीच्या पलीकडे, काकांच्या घरापासून अर्ध्या तासावर, या मुद्द्याचा निकाल फार पूर्वी लागलेला आहे. २५ मार्च १९११ रोजी मॅनहॅटनमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ जण गेले, त्यात बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली. जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. जाताना मुली माल चोरून नेतील अशी मालकांना धास्ती होती. मालक खटल्यातून निर्दोष सुटले, पण त्यानंतर तिथले कायदे बदलत गेले. हे मी काकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र हार्डवेअरच्या दुकानातून आतून नुसता खटका फिरवायचं कुलूप घेऊन आले, आणि जुन्या कुलपाचे पैसे परत मिळतात का तेही विचारून आले.

दाराचं निस्तरलं. मग खिडकी.

झोपायच्या प्रत्येक खोलीला, दाराखेरीज, जीव वाचवायला बाहेर पडता येईल अशी एक खिडकी लागते. कोड म्हणतो, खिडकी उघडल्यावर जी मोकळी जागा होते ती किमान २० इंच रुंद हवी. किमान २४ इंच उंच हवी. काकांनी टेप लावली, खूश झाले. पुढची ओळ त्यांनी वाचली नव्हती. पुढची ओळ म्हणते, एकूण मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट हवी. आता वीस गुणिले चोवीस म्हणजे ४८० चौरस इंच, म्हणजे सव्वातीन चौरस फुटांहून थोडं जास्त. म्हणजे दोन्ही किमान अटी पुऱ्या करणारी खिडकी सपशेल नापास! वीस इंच रुंद असेल तर उंची ४१ इंचांच्या वर हवी. चोवीस इंच उंच असेल तर रुंदी ३४ इंचांच्या वर हवी. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवरही असंच असतं: किमान उंची दिलेली, किमान पगार दिलेला, आणि नेमकं तेवढीच उंची नि तेवढाच पगार असलेलं स्थळ नेलं की मुलीकडचे म्हणतात, ‘कळवतो.’ जमिनीलगतच्या मजल्याला थोडी सवलत आहे, तिथे पाच चौरस फुटांवर भागतं. काकांची खिडकी त्यातही बसेना.

याचं कारण जुन्या जर्सीत सर्वत्र दिसणारी वर-खाली सरकणारी खिडकी. तिची दोन तावदानं एकावर एक येतात, त्यामुळे खिडकी केवढीही दिसो, उघडते जेमतेम अर्धी. काकांनी मोजली ती काच, इन्स्पेक्टरने मोजलं भोक. काच मोजावी तर काका भरपूर पास होते. ‘अहो, एवढी मोठी खिडकी आहे!’ असं ते पुन्हा पुन्हा मराठीत म्हणत होते आणि तो शांतपणे टेप गुंडाळत होता. खिडकीची खालची कडा जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको हाही नियम. ४४ इंच म्हणजे तीन फूट आठ इंच. माझ्या आजीची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, ती बसची पायरीसुद्धा ‘विठ्ठला’ म्हटल्याशिवाय चढत नाही. पण धुरात ४४ इंच चढणं ९० इंचांपेक्षा बरं, एवढं तिलाही पटेल.

५.७ चौरस फूट कशाला, आपण काय एवढे रुंद आहोत? काकू म्हणाल्या, ‘आहात.’ पण हिशोब आपल्या पोटाचा नाही. पाठीवर हवेची टाकी बांधलेला, जाडजूड कोट घातलेला अग्निशामक शिडीवरून त्या खिडकीतून आत शिरू शकला पाहिजे, म्हणून हे माप. इथे मला हा कोड पहिल्यांदा आवडला. बाहेर पडणाऱ्यांची काळजी वाहता वाहता आत येणाऱ्याचाही विचार त्याने केलाय, आणि तो येणारा असा आहे की त्याच्यासाठी ग्रिल कापायची वेळ येऊ नये. खिडकीला गज लावायला बंदी नाही. फक्त ते आतून, किल्लीशिवाय आणि पान्याशिवाय निघाले पाहिजेत. डोंबिवलीच्या फॅब्रिकेटरला ही ऑर्डर दिली तर तो विचारेल, ‘निघणारेच लावायचे तर लावायचे कशाला?’

वरच्या मजल्यांच्या खिडक्या घराइतक्याच जुन्या होत्या, म्हणून शेवटी त्यांना बऱ्याच अंशी जुनाच हिशोब लागला. खरी गंमत बेसमेंटमधे झाली. जुन्या बेसमेंटमधे नवी बेडरूम काढली की तिला आजचा नियम लागतो, आणि बेसमेंटच्या खिडक्या म्हणजे छताला चिकटलेले, जेमतेम मांजर जाईल असे झरोके. तशी खिडकी मोठी करायची म्हणजे पायाची भिंत कापायची, बाहेर जमिनीत खड्डा खणायचा. तो खड्डाही आपल्या मनाला येईल तसा नाही. किमान नऊ चौरस फुटांचा, भिंतीपासून किमान ३६ इंच पुढे, आणि ४४ इंचांपेक्षा खोल असला तर त्यात कायमची शिडी. खर्च ऐकून माणूस खिडकीतून उडी मारेल, तर तेवढी खिडकीच नाही.

म्हणून मग नामकरण सुरू होतं. तमाम बेसमेंटधारकांनी शोधलेला हा मार्ग आहे: खोलीला बेडरूम म्हणायचंच नाही. कोणी ‘डेन’ म्हणतं, कोणी ‘ऑफिस’, कोणी ‘प्ले रूम’. मुलं कॉलेजात असली तरी प्ले रूम. आपल्या मंडळींनी यात स्वतःची भर घातली आहे. एका घरात ती खोली ‘देवघर’ होती. देवघरात एक क्वीन साइज पलंग होता, देव शेल्फवर होते. इन्स्पेक्टर देवांना नमस्कार केल्यासारखा वाकला आणि पलंगाखाली सूटकेस आहेत का ते बघितलं. काकांनी आपली खोली ‘योगा रूम’ ठरवली होती. इन्स्पेक्टरने उशी उचलून दाखवली. काका म्हणाले, ‘शवासनासाठी.’ आणि मग, त्याच्या चेहऱ्यावरून काही अंदाज येईना तेव्हा, त्यांनी इतिहासात राहील असं वाक्य टाकलं: ‘ही बेडरूम नाही, इथे फक्त झोपतात.’

त्या योगा रूममधे झोपत कोण? व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले काकांचे आई-वडील. वरचा मजला पगारी लोकांचा, खालची खोली आई-बाबांची, ही अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांची अलिखित वाटणी. ‘खाली शांत असतं हो, हीटरजवळ ऊबही असते.’ ज्यांना जिना चढायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, त्यांना आपण जिन्याच्या तळाशी ठेवतो. गावी शेवटच्या खोलीतून बाहेर पडायचं तर पुढच्या खोलीतल्या सात गाद्यांवरून उड्या मारत जावं लागायचं, तरी दार जमिनीलगत होतं.

सप्टेंबर २०२१ च्या पहिल्या रात्री आयडा वादळाचा पाऊस झाला, तेव्हा न्यूयॉर्क शहरातच तळघरांतल्या बिऱ्हाडांमधे ११ माणसं बुडून मेली. तिथे आग नव्हतीच, पाणी जिन्यावरून उतरलं. त्यानंतर काकांनी भिंत कापली. खर्चाचा आकडा ते अजून सांगत नाहीत, ‘झाला’ एवढंच म्हणतात.

तर खिडकी झाली, खड्डा झाला, शिडी झाली. काकूंनी त्या खड्ड्याकडे दोन दिवस बघितलं आणि त्यांना साक्षात्कार झाला. वारा लागत नाही, दुपारचं ऊन येतं, भिंतीची ऊब मिळते. जर्सीत कढीपत्ता जगवणं म्हणजे काय हे ज्याने जगवला त्यालाच ठाऊक. उन्हाळ्यात तो अंगणात, ऑक्टोबर लागला की आत, दक्षिणेच्या खिडकीत, घरातल्या माणसांपेक्षा त्याच्या तब्येतीची चौकशी जास्त. काकूंनी कढीपत्त्याची कुंडी खड्ड्यात ठेवली. शेजारी अळू. मग शिडीच्या पायऱ्यांवर मिरचीची रोपं, कारण पायऱ्या रिकाम्याच होत्या ना. पुढच्या भेटीत इन्स्पेक्टरने वाकून बघितलं आणि विचारलं, आग लागली तर तुम्ही याच्यावरून जाणार की याला वाचवून जाणार? काकूंनी या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. त्या विचारात पडल्या होत्या.

आता फोडणी. न्यू जर्सीत एका-दोन बिऱ्हाडांचं घर विकताना किंवा भाड्याने देताना, आत राहणारा बदलला की मालकाला एक प्रमाणपत्र घ्यावं लागतं: धुराचा अलार्म आहे, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे, आग विझवायचं सिलिंडर आहे. सिलिंडर स्वयंपाकघरापासून दहा फुटांच्या आत, वजन दहा पौंडांच्या आत, भिंतीला टांगलेलं, त्याचं वरचं टोक जमिनीपासून पाच फुटांच्या खाली, आणि समोर फर्निचर नको. काकांनी ते टांगलं, काकूंनी त्यावर पिशव्या टांगल्या.

धुराचा अलार्म हा मात्र मराठी स्वयंपाकाचा जन्मजात वैरी. त्याला धूर कळतो, पण धूर कशाचा हे कळत नाही. हिंग-मोहरीकडे तो एकवेळ दुर्लक्ष करतो. ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या की तो बोंबलायला लागतो. लगेच सगळ्या घराला पाठ झालेली कवायत सुरू होते. एक जण खिडकी उघडतो, दुसरा पुठ्ठ्याने वारा घालतो, तिसरा स्टुलावर चढतो, आणि काकू गॅसपाशीच उभ्या राहून ‘काही नाही, काही नाही’ म्हणतात. या कवायतीत एकच गोष्ट कोणी करत नाही, ती म्हणजे बाहेर पडणं. पूर्वी स्टुलावरचा माणूस अलार्मची बॅटरी काढून रिमोटला घालायचा. म्हणून १ जानेवारी २०१९ पासून न्यू जर्सीने बॅटरीवरचे अलार्म असे मागितले की त्यांची बॅटरी दहा वर्षं आत बंद असते, निघतच नाही. आपल्याला विश्वासात न घेता केलेला हा कायदा आहे, पण आपल्याला ओळखून केलेला आहे.

दोन बिऱ्हाडांच्या मधल्या भिंतीने आणि तक्तपोशीने आग एक तास अडवावी असंही कोड सांगतो. एक तास आग अडवणारी ही भिंत सुक्या बोंबलाचा वास एक मिनिटही अडवत नाही, आणि वरच्या भाडेकरूंचं आईशी रोज रात्री साडेनऊला होणारं बोलणंही नाही. शिवाय काकांनी तीत स्वतः ड्रिलने एक भोक पाडलं होतं. इंटरनेटचं बिल वरच्यांशी निम्मं वाटून घेता यावं म्हणून एक वायर वर नेली होती. आग अडवणाऱ्या भिंतीत भोक पाडलं तर ते आगीला दाद न देणाऱ्या मसाल्याने भरावं लागतं. मसाल्याची किंमत बघता, काका म्हणाले, आणखी एक कनेक्शन घेतलं असतं.

दाराची सुटका खिडकीत, खिडकीची खड्ड्यात, खड्ड्याची शिडीत. एवढ्या सुटका दिल्यावर काकांच्या मनात मूळचा, आपल्या मातीतला प्रश्न उभा राहिला: तो भाडेकरू एरवी, आग न लागता, बाहेर पडेल ना? मुंबईकर घरमालकाच्या रक्तात ही भीती आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १९४० च्या पातळीवर भाडी गोठवली, मग भाडेकरू गेले, त्यांची मुलं राहिली, नातवंडं राहिली आणि मालकाला मिळणाऱ्या भाड्यात घराची एक फरशीही बदलता येईना. १९९९ चा नवा कायदा आला तरी भीती गेली नाही. म्हणून तर अकरा-अकरा महिन्यांचे करार. न्यू जर्सीतही १९७४ पासून कायदा आहे, सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. हे कळल्यावर काका दोन रात्री झोपले नाहीत. मग वकिलाने सांगितलं, मालक त्याच घरात राहत असेल आणि भाड्याची बिऱ्हाडं दोनपेक्षा जास्त नसतील, तर हा कायदा लागत नाही. काकांनी वकिलाला पुरणपोळी दिली.

पण गणित पुढे निराळंच निघालं. भाडेकरू बदलला की पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा अलार्म, पुन्हा पिशव्या काढून सिलिंडर मोकळं, पुन्हा कढीपत्ता वर. गेल्या गणपतीपासून मी बघतोय, काका वरच्या मजल्यावरच्या नाशिकच्या मुलाला मोदक पाठवतात. भाडं वाढवलेलं नाही. बर्फ पडला की त्याच्या दारापुढचाही स्वतः काढतात. परवा तो मुलगा खाली आला, संकोचत म्हणाला, ‘काका, माझं लग्न ठरलंय. तिला नोकरी एडिसनला आहे, तर आम्ही तिकडे जागा बघतोय.’

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘अरे, अभिनंदन! पण घाई कशाला करतोस? तिला एकदा इथे आण तर खरं. काकू जेवायला करेल. आणि हवं तर खिडकी दाखव तिला. एडिसनला कोण देतंय पावणेसहा चौरस फूट?’